पाण्यात उतरायची जागा

नागपूर स्टेशनवर, बायकांच्या वेटिंग रूममध्ये, मायनं मला परकर बदलायला लावला. हिरवा, पिवळ्या काठाचा तो परकर माझ्या धाकट्या बहिणीचा, तुळशीचा होता. ती गेल्यावर माझ्याकडं आला होता. मला आखूडच व्हायचा. "तिचा हाय तो," माय म्हणाली. "तो इथंच राहीन. तू जाय." मी पिशवीतला जुना फ्रॉक काढून घातला. मायनं परकराची घडी केली, पदराखाली धरली आणि गाडी लागायच्या आधीच जिन्याकडं चालायला लागली. मला मुंबईला नेणारी मावशी, मायची सख्खी बहीण, तिला हाका मारत होती. माय वळली नाही. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

खाप्यात, आपल्या गावात, राहिलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांनीही वाचावं.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. कन्हान आमच्या घरामागून वाहायची आणि बाबांचा डोंगा होता, एका खोडातून कोरलेला, अरुंद, जरा कलला की पाणी घेणारा. दिवाळीनंतर पाणी उतरलं की पलीकडच्या रेतीत आम्ही डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजाचे वेल, लावायचो. बी, शेणखत, कुदळी, सगळं डोंग्यातून न्यायचं. डोंगा कुठून पाण्यात घालायचा हे ठरलेलं होतं. शाळेमागं नदीचा काठ सपाट होता, पाणी गुडघाभर, तळाला रेती. आमच्या घराखाली मात्र दरड होती आणि दरडीला लागून डोह. तिथं पाणी वरून शांत दिसायचं आणि खालून फिरायचं.

त्या सकाळी उशीर झाला होता. डोंगा आमच्या दरडीखालीच बांधलेला होता, आणि शाळेपर्यंत तो प्रवाहाच्या उलट ओढत न्यायचा बाबांना कंटाळा आला. "इथूनच घालू," ते म्हणाले. मी पुढं बसले. मध्ये बाबा बांबू घेऊन उभे. त्यांच्या मागं, खताच्या टोपल्यांवर, तुळशी. काठावर चार-पाच बाया धुणं धूत होत्या. बाबांनी बांबू रोवला, डोंग्याचं तोंड गर्रकन फिरलं, आणि आम्ही पाण्यात होतो. बाबांच्या हाती माझी वेणी लागली. तुळशी लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जाळं टाकून तिला काढलं.

मायनं तिला मांडीवर घेतलं, आणि सगळं गाव जमलेलं असताना माझ्याकडं बोट करून म्हणाली, "इनं हात सोडला. इनं बहिणीचा हात सोडला."

माझ्या आणि तुळशीच्या मध्ये बाबा होते. तिचा हात माझ्या हातात कधी नव्हताच. मी बाबांकडं पाहिलं. ते जाळ्यात अडकलेली काटक्याकुटक्यांची घाण वेचत होते. एक एक काडी. त्यांनी मान वर केली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. महिनाभर मला वेगळं वाढलं. मग मावशी आली आणि म्हणाली, पोरगी मला दे.

आमची एसटी कोराडीवरून गेली तेव्हा तिथं वीजघराचे नुसते पाये खणत होते. पुढं मुंबई. मावशी मुलींच्या एका शाळेत आया होती. त्याच शाळेत मी 'मले-तुले' म्हटलं की वर्ग हसायचा. वर्षभरात माझं 'मले' गेलं, 'काहून' गेलं. शिकले, त्याच शाळेत खेळाची टीचर झाले. पाण्याच्या जवळ मात्र जायची नाही. मुली चौपाटीवर सहलीला गेल्या की मी रस्त्यावरच्या कट्ट्यावर बसून डबे सांभाळायची.

मग शाळेनं फायबरच्या कयाक घेतल्या. लांबट, हलक्या, एका माणसापुरत्या. मुख्याध्यापिकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, मुलींना कोण नेणार? त्या आधी म्हणाल्या होत्या, "शाळेच्या समुद्राकडच्या मागच्या भिंतीवरूनच सोडू, लांब जायला नको." ते 'लांब जायला नको' ऐकलं आणि मी उभी राहिले. म्हणाले, मी नेईन, पण जागा मी ठरवणार.

ती जागा शोधायला मला अख्खा हिवाळा लागला. सुट्टीच्या दिवशी शिवडीपासून माहीमपर्यंत चालत हिंडले. शिवडीला भरतीला पाणी सुंदर दिसतं, ओहोटीला तिथंच मांडीभर काळा चिखल. गेलेली मुलगी परत येताना त्यात रुतणार. वरळीला खडक, त्यावर कालवं, पाय फाटतात. एका ठिकाणी सगळं छान होतं, फक्त भिंतीआडून नाल्याचं तोंड उघडत होतं आणि त्याला ओढ होती. खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली की पाणी कसं धावतं ते मी बिस्किटाचा पुडा फेकून पाहिलं. दुपारनंतरचा वारा कुठून येतो, कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट कुठं आहेत, मूल घाबरलं तर कुठं उभं राहू शकेल, हे बघायचं. माहीमजवळ एक छोटी, आत वळलेली वाळू सापडली. तिथं मासे वाळवणाऱ्या एका म्हातारीनं मी तपासायला नेलेली कयाक पाहिली आणि विचारलं, "ही होडी हाय का चप्पल?" पण भरतीला पाणी किती चढतं आणि ओहोटीला किती हटतं, तेही तिनंच काठी रोवून दाखवलं. आजही आमच्या मुली तिथूनच उतरतात. शाळेपासून ती जागा लांब आहे. मुली कुरकुरतात. मी ऐकत नाही.

मावशी वारली त्यानंतर दोन वर्षांनी माय आली. बाबांशिवाय, गावच्या शेजाऱ्यांच्या पोरासोबत दादरला उतरून. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तिचे केस पार पांढरे झाले होते. चहा घेताना कोराडीच्या वीजघराच्या राखेबद्दल बोलली, वाळत घातलेलं लुगडं कसं करडं होतं ते सांगितलं. रविवार होता, माझी मुलींची बॅच होती. मी म्हणाले, घरीच थांब. ती म्हणाली, "येतो मी."

ती वाळूवर बसली. मी मुलींची लाईफ जॅकेट ओढून बघत होते, एकेकीला पाण्यात सोडत होते. सगळ्या गेल्यावर तिच्याजवळ येऊन उभी राहिले.

"इथून काहून?" तिनं विचारलं. "तुही शाळा तं तिकडं हाय."

"तिकडं उतार नाही. पाणी ओढतं."

तिनं मुठीत वाळू घेतली. मग म्हणाली, "तुह्या बापालेही ठाऊक होतं. कंटाळा केला त्यानं."

मी खाली बसले. "माय, तुले माहीत होतं?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून 'तुले' निघालं.

"मी मागल्या दारातच उभी होती वं. सारं दिसलं मले."

"मग माझं नाव काहून घेतलं?"

"त्याचं घेतलं असतं तं तो त्याच डोहात गेला असता. मंग मी काय केलं असतं?" तिनं वाळू झटकली. "तू तं जाणारच होती. पोरगीच तू. आज नाही तं उद्या."

ती रडली नाही. मला वाटलं, आता तरी डोक्यावरून हात फिरवेल. पण ती कामासाठी आली होती. बाबांना लकवा झाला होता, एक बाजू गेली होती. तिच्यानं त्यांना उचलणं होत नव्हतं. दोन-तीन दिवस शेजाऱ्यांवर टाकून आली होती. "तू चाल," ती म्हणाली. "त्याचं करायले कोणी नाही. घर तुहंच हाय."

समोर मुली एकमेकींवर वल्ह्यानं पाणी उडवत होत्या. मी शिट्टी वाजवून त्यांना आत बोलावलं. मग म्हणाले, "नाही येणार."

"बाप हाय तुहा."

"हो."

दुसऱ्या दिवशी मी तिला नागपूरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून तिनं पाहिलं नाही, मीही गाडी हलेपर्यंत थांबले नाही. उन्हाळ्यात बाबा गेल्याचं कळलं. मी तेराव्याला पोचले.

अंगणात बाया बसल्या होत्या. माय मध्ये. मी चपला काढत होते तेव्हा ती त्यांना सांगत होती, "एक पोरगी पाण्यानं नेली, इनं हात सोडला म्हणून. नवरा असा गेला." माझ्याकडं सरळ बघत. सहा महिन्यांपूर्वी वाळूवर ज्या तोंडानं बोलली त्याच तोंडानं.

त्या वेळी मी पहिल्यांदा बोलले. सगळ्यांसमोर. "तुळशी बाबांच्या मागं बसली होती. मी पुढं होते. हात कसा धरणार?"

मला वाटलं होतं, अंगण हादरेल. कोणीच हललं नाही. मग चंद्रभागाकाकू, जी त्या दिवशी काठावर धुणं धूत होती, सुपारी कातरत म्हणाली, "मालूम हाय ना बाई आम्हाले. आम्ही तिथंच होतो."

"मग कोणी बोललं काहून नाही?"

"तुह्या मायचं दुःख होतं वं," काकू म्हणाली. "त्यात कोण बोलंन?" आणि तिनं मलाही सुपारीचं खांड पुढं केलं, जसं माहेरवाशिणीला करतात.

मी ते घेतलं. तोंडात टाकलं. दुपारच्या एसटीनं निघाले.

मुंबईत नवीन माणसं विचारतात, बाई, तुमचं घर कुठलं? मी खापा सांगते, नागपूरजवळ. खोटं नाही ते. जिथं तुमच्याबद्दलचं खरं सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच सांगत नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं? राहते मात्र मी इथं, माहीमला, भाड्याच्या खोलीत. भरतीची वेळ बघून रविवारी उठते.