माह्या पोरीच्या शेतीच्या बाई

“आज पुढं कोण?”

बाई रोज सकाळी हेच विचारायच्या. शाळंची पोरं खुरपी घेऊन रांगंत उभी राहिली का बाई सगळ्याच्या मागं जायच्या, हात पाठीशी बांधायच्या अन् तिथून आवाज द्यायच्या. ज्याची पाळी असंल ते पोरगं पुढं व्हायचं. मग तो हप्ता सगळा त्याच्या हुकमाचा. पाणी कुठल्या वाफ्याला द्यायचं, खुरपायचं कुणी, पाचोडच्या बाजारात मेथी घेऊन जायचं कुणी, समदं त्यानंच ठरवायचं. चुकलं तरी बाई मधी तोंड घालायच्या नाय. एका पोरानं भर उन्हात मिरचीची रोपं लावून घेतली. सांजच्याला सगळ्या रोपांनी माना टाकल्या. गाव हसलं. बाई म्हणल्या, “उद्या परत लावा. पुढं तोच राहील.”

आता तुम्हीच सांगा, मागं राहून कळप चालवायचा ही रीत कुणाची? आमची, धनगराची. मी तवाच म्हणलं, ही बाई आमचंच घेऊन आमच्याच लेकरांना शिकवू राह्यली. पण मनात. तोंडानं मी कुणाला काय म्हणत नाय.

बाई संभाजीनगरहून आल्या व्हत्या, तवा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. त्यांचे मालक चिकलठाण्याला कंपनीत. शनवारी दुपारच्या एसटीनं जायच्या, सोमवारी सकाळी खडू अन् बियाण्याच्या पुड्या घेऊन हजर. शाळेला नाल्याच्या कडंला जिमिनीचा एक तुकडा व्हता. तिथं आठवी-नववीच्या पोरांना त्या शेती शिकवायच्या. ऱ्हायला खोली घेतली ती नेमकी माह्या घराला लागून. मधी कुडाची भिंत. बाई खोकल्या तरी मला मालूम व्हायचं.

साडीच्या खाली बाप्याचे काळे बूट घालायच्या. गावातल्या बाया पदराआड हसायच्या. एकीनं विचारलंच, “बाई, मालकाचे उचलून आणले का काय?” बाई म्हणल्या, “हो ना. तो तिकडं माझ्या चपला घालून कंपनीत जातो.” अन् सगळ्यांच्या आधी आपणच हसल्या. अशा माणसावर राग तरी कसा धरावा? मी धरला.

कामून, ते सांगते.

मला लेकरं झाली, पण राहिली एकच. भामी. बाकीची कुणी तापात गेली, कुणी पालावर थंडीनं गेलं. तवा मेंढरामागं फिरायचो आम्ही, लेकरू गेलं तर तिथंच मातीआड करून सकाळी पुढं निघायचं. रडायला कुठं थांबायचं? कळप थांबतो का? म्हणून भामीच्या वक्ताला मी माणसाला म्हणलं, तू जा मेंढरं घेऊन, मी गावात राहते, मजुरी करते, ही एक जगवते. जगवली. चांगली आठवीत गेली. अन् आठवीत गेली ती बाईची झाली.

उठता बसता “बाई म्हणत्यात”. केस असे बांधू नको, बाई म्हणत्यात. हात राखेनं नको धुऊ, बाई म्हणत्यात. एकदा माह्या वरणाला नाक मुरडलं. “बाई वरणात गुळाचा खडा टाकत्यात.”

मी म्हणलं, “मग जा की तिकडंच जेवायला.”

तर गेली! ताट उचललं अन् खरंच गेली. मी चुलीपाशी बसले. कुडाच्या पल्याड दोघी हसत व्हत्या. काय बोलत व्हत्या ते कळंना, नुसतं हसणं कळत व्हतं. माह्यापाशी पोरगी अशी हसलेली मला याद नाय. हसवायला मला वेळ कधी व्हता?

चार दिसानं बापाचे जुने बूट घालून शाळंला निघाली. एका बुटात दोन पाय बसतील एवढे मोठे. मी म्हणलं, “भवाने, पडशील.” नाल्यापाशी पडली. मला बरं वाटलं. तुम्हाला खोटं कामून सांगू?

पोरांना बाईचा पहिल्यांदा कंटाळा व्हता. तवा वाळूजला नव्या नव्या कंपन्या उभ्या राहू राह्यल्या व्हत्या. आमची मेंढरं जिथं चरायची तिथं तारा ठोकल्या, खांब रोवले. गावातलं ज्याला त्याला तिकडं जायचं. एक पोरगा म्हणला, “बाई, आम्ही कंपनीत लागणार. शेती कशाला?”

“लाग की,” बाई म्हणल्या. “तिथं जेवायची सुट्टी असते का रे?”

“असती.”

“डब्यात काय नेणार? नट-बोल्ट?”

त्या दिवसापून तो पोरगा सगळ्यात आधी खुरपं घ्यायला लागला.

पुढं पैठणला तालुक्याच्या शाळांचा मेळावा भरला. ज्यानं आपला हप्ता चांगला चालवला त्यानं तिथं मंडपात उभं राहून बोलायचं. आमच्या शाळंकडून भामी. मी मजुरी बुडवून एसटीनं गेले, मागं बायांत बसले. पोरगी स्टेजवर चढली, घाबरली नाय. माईकात म्हणली, “रानात मेंढरं बसवली तर एका जागी दोन राती ठेवू नयेत. जागा सरकवावी. लेंडीइतकंच मूतबी मातीला लागतं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक साहेब म्हणला, “शाब्बास! कुणी शिकवलं हे?”

भामी म्हणली, “आमच्या बाईंनी.”

अगं, तुह्या सात पिढ्या मेंढराच्या लेंडीत वाढल्या! तुह्या आधीची लेकरं पाठुंगळीला बांधून मी जागा सरकवत व्हते तवा ही तुही बाई शहरात पाटीवर ग म भ न गिरवत असंल! शेजारची बाई मला म्हणली, “तुमची का हो पोरगी?” मी म्हणलं, “नाय. शाळंची हाय.”

येताना एसटीत बाई माह्याजवळ बसल्या. म्हणल्या, “भामीच्या आई, छान बोलली ना?” मी खिडकीतून बाहेर बघितलं. उसाच्या गाड्या चालल्या व्हत्या, त्या बघितल्या.

अन् मग ते नामांतराचं परत पेटलं. विद्यापीठाला बाबासाहेबाचं नाव द्यायचं का नाय, ह्याच्यावरून किती वर्सं हा मुलूख धुमसत व्हता, तुम्ही बघितलं असंल, नायतर ऐकलं असंल. पहिल्या वक्ताला घरं जळालेली मी डोळ्यानं बघितली. ह्या वक्ताला संक्रांत जवळ आली व्हती. नाव देणार देणार अशी बातमी. गाडी कधी यायची, कधी नाय. गावातली माणसं पारावर हळू आवाजात बोलायची अन् वस्तीवरचं कुणी आलं का गप व्हायची.

त्याच हप्त्याला पाळी आली रमीची. रमी वस्तीवरची, बौद्धाची, भामीच्याच वर्गातली. बारकी, काडीसारखी पोरगी. गावातले दोघं-तिघं बाईच्या दारात आले. मी कुडाला कान लावला.

“बाई, हा हप्ता तिला नका पुढं करू. दिवस बरे नायत.”

“पाळी रमीची आहे,” बाई म्हणल्या.

“आमची लेकरं यायची नायत मग.”

“चहा घेता का?”

चहा नाय घेतला त्यांनी.

सकाळी तुकड्यावर वस्तीची लेकरं आली अन् गावातली एकटी भामी. रमी पुढं, भामी तिच्या मागं. दुपारपोतर ही खबर पाटलाच्या कानात गेली. माहा माणूस तवा कळप घेऊन गावाकडंच आला व्हता, पाटलानं त्याला बोलावून घेतलं. “तुही पोरगी तिच्या मागं उभी राहती म्हणं. राहू दे. पण मग तुही मेंढरं आमच्या रानात बसायची नायत. माह्याबी नाय अन् गावात कुणाच्याबी नाय.”

आता ज्याला ठाऊक नाय त्याला सांगते. पीक निघालं का धनगर आपला कळप लोकाच्या रानात राती बसवतो. रानाला खत व्हतं, मालक आम्हाला जवारी देतो. तेच आमचं खाणं. रान बंद म्हंजी चूल बंद. अन् बिऱ्हाड उचलून नव्या मुलखात जावं तर रस्त्यावर ह्या असल्या दिवसात कोण कुणाला मारंल त्याचा भरवसा नाय.

माणूस घरी येऊन भिंतीला टेकला. म्हणला, “पोरीला घरी आण. शाळा पुरी झाली.”

मी गेले. खोटं नाय बोलत, पाय जड नव्हते. मनात म्हणलं, बरं झालं. आता बघते कुडाच्या पल्याड कशी जाती ते.

तुकड्यावर भामी विहिरीचं पाणी शेंदत व्हती. मी तिचा हात धरला. “चल घरी.”

“हप्ता रमीचा हाय,” भामी म्हणली. “तिला विचार.”

“कुणाला?”

“रमीला. ती सोड म्हणली तर येते.”

मी बाईकडं बघितलं. बाई तिकडं मागं, हात पाठीशी. मी म्हणलं, “बाई, तुम्ही सांगा हिला.”

“हप्ता रमीचा आहे, भामीच्या आई.”

असा संताप आला! पोटची पोरगी घरी न्यायला मी त्या काडीची परवानगी मागू? पण भामी दोर सोडंना. मग मी रमीपुढं गेले. म्हणलं, “रमे, हिला नेऊ का?”

“न्या, मावशी.” मग म्हणली, “पण मेंढरं कुठं बसवताल?”

वस्तीलाबी कळालं व्हतं तर. ती खाली वाफ्याकडं बघत म्हणली, “आज राती हितं बसवा, शाळंच्या तुकड्यात. अर्धा मोकळाच हाय. उद्यापून आमच्या गायरानात. आमच्या लोकांनी नवीनच नांगरलंय, खत अजून पडलं नाय. जवारी पाटलाइतकी नाय भेटायची. पण माहा बाप नाय म्हणायचा नाय. बाकीच्यांना मी सांगते.”

मला वाटलं, हे बाईनंच शिकवून ठेवलं. वळून बघितलं तर बाईचं तोंड माह्याइतकंच उघडं.

घरी माणूस म्हणला, “वस्तीच्या रानात आजवर धनगर बसला नाय. गाव काय म्हणंल?” मी म्हणलं, “गाव जवारी देतं का? मेंढराला विचार, लेंडी टाकताना सातबारा बघतं का?” लगीन झाल्यापून मी त्याच्यापुढं एवढं बोलले नव्हते. तो उठला, काठी घेतली.

दुसऱ्या दिवशी दिवस असतानाच कळप निघाला. गावाच्या बाहेरून, मोठ्या रस्त्यानं, सगळ्यांच्या डोळ्यासमोरून. पुढं भामी अन् रमी, मधी मेंढरं, मागं आम्ही दोघं. आमच्याबी मागं, रस्त्याच्या वळणावर, बाई उभ्या. मला धाकधूक, कुणी दगड मारतं का. कुणी मारला नाय. गायरानाच्या चढावर भामीनं मागं वळून बघितलं, तोंडभर हसली. मी हात वर केला.

ती माह्या डोक्यावरून बाईकडं बघत व्हती.

मी हात खाली घेतला, पदर नीट केला.

संक्रांतीला नाव दिल्याची बातमी आली. तवा आमचं बिऱ्हाड गायरानातच व्हतं. रमीच्या मायनं तीळगूळ आणून दिला, मी तिला दुधाचा तांब्या दिला. त्या पावसाळ्यात वस्तीच्या गायरानात बाजरी अशी आली का वाटंनं जाणारा थांबून बघायचा. पुढच्या वर्सी पाटलाचा गडी आपणहून आला, “आमच्या रानाला कधी येता?” माह्या माणसानं त्याला रमीच्या बापाकडं धाडलं. मेंढरं बसवायची पहिली पाळी रमीच्या बापाची व्हती, सोडायची का ते त्यानंच सांगायचं.

भामी शिकत राहिली. आता तिकडं जालन्याच्या बाजूला शेतीच्याच खात्यात हाय. बायांना गोळा करून मातीचं, बियाण्याचं सांगती. अजूनबी “बाई म्हणायच्या” चालूच असतं. मी जेवताना ऐकते. वरणात गूळ मीच टाकते आता.

बाई मातर गावात राहिल्या नाय. त्या संक्रांतीनंतरच्या उन्हाळ्यातच बदलीचा हुकूम आला. कुणी शिकायत केली, काय केली, मला मालूम नाय. सामान असं कितीक? एक पेटी, एक वळकटी. माठ मला दिला. फाट्यावर एसटी यायच्या वक्ताला सगळी पोरं आली. रमी तिची लहान भावंडं घेऊन आली. कधी न येणारे पाटलाच्या घरचेबी दोघं आले. भामी आली नाय.

बाई सारख्या गावाच्या वाटंकडं बघायच्या. गाडी आली, पेटी टपावर चढवली, तरी बघायच्या. कंडक्टर म्हणला, “बाई, निघायचं का ऱ्हायचं?” बाई चढल्या. खिडकीतून मला म्हणल्या, “भामी बरी आहे ना?”

“बरी हाय,” मी म्हणलं.

घरी येताना माहे पाय हलके व्हते. म्हणलं, बघ बाई, एवढा जीव लावलास अन् पोरगी साधी निरोपाला आली नाय. शेवटी रक्त ते रक्त. असं म्हणत म्हणत दार लोटलं.

भामी कुडाला तोंड लावून बसली व्हती, बाईच्या खोलीच्या बाजूला. डोळे सुजून गेलेले. मला बघितलं तशी येऊन माह्या मांडीत शिरली. लहानपणापून ती कधी अशी आली नव्हती. “माय, मला गाडी जाताना बघवली नसती गं,” म्हणली अन् हंबरडा फोडला.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तुम्हाला सांगते, त्या रडण्याचाबी मला हेवा वाटला. मनात एकच, मी जाईन त्या दिवशी ही एवढी रडंल का? एवढी नको, ह्याच्या निम्मी तरी?

विचारलं नाय. बाहेर ऊन डोक्यावर आलं, शेळी दाव्याला ओरडायला लागली, चुलीवरचं कोरड्यास बुडाला लागल्याचा वास आला. माहा पाय पार बधिर झाला व्हता. पोरगी रडत व्हती दुसरीसाठी, पण मांडी माही व्हती. मी ती हलवली नाय.