वेगळा पेला

"तुम्हाला पल्मोनरी ट्युबरक्युलोसिस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुफ्फुसाचा क्षयरोग. मी म्हटलं, रिपोर्ट बदलला असेल. ते म्हणाले, "बाई, थुंकी तुमचीच आहे."

खोकला तीन महिन्यांचा होता. खामगावात आमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे आहे, म्हणून मी तिथल्या धुळीला दोष देत होते. वजन उतरलं तेव्हा शेजारणींना सांगितलं, रात्रीचं जेवण सोडलंय. तुम्हाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर अशी कारणं शोधू नका. थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात.

पण डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मला बसवेना, ते आजारामुळे नाही. सुशीलाबाईंमुळे.

सुशीलाबाई आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या. त्यांना आधी हाच आजार झाला होता. कोर्स पूर्ण करून, बऱ्या होऊन त्या चर्चला परत आल्या. प्रभुभोजनाच्या विधीत प्रत्येकाला द्राक्षरस देतात, ते छोटे पेले धुणं, भरणं माझ्याकडे असायचं. मी त्यांच्यासाठी स्टीलचा एक वेगळा पेला ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही. आमच्या मुलखात वेगळ्या पेल्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माझ्या आजोबांनी तो सोसला होता. तरी मी ठेवला, वर त्याला स्वच्छता म्हटलं. त्यांचा श्वास अंगावर नको म्हणून बसायचेही त्यांच्या मागच्या बाकावर.

डॉक्टरांना विचारलं, "हा पेल्यातून पसरतो का?"

"नाही. हवेतून. जो खोकतो त्याच्याकडून. त्या बाई बऱ्या झाल्यात. खोकत होता तुम्ही."

म्हणजे तीन महिने मी सुशीलाबाईंच्या मानेवर खोकत होते.

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका काँटॅक्ट ट्रेसिंगसाठी, म्हणजे माझ्या सहवासातली माणसं शोधायला आली. नवऱ्याचं नाव दिलं, शिवणक्लासच्या मुलींची दिली. सुशीलाबाईंचं देताना म्हटलं, त्यांना मी सांगते.

तीन वेळा नंबर लावून तोडला. चौथ्यांदा सगळं सांगितलं. पेल्याचंही.

"तुमी आता सांगून राह्यल्या," त्या म्हणाल्या. "मले पयल्याच रविवारी समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलली ना. तुमच्याशी नाई, देवाशी. लय भांडली. तुमच्यासाठी माफी तोंडातून निंगतच नव्हती. सहा महिने लागले, ताई." मग म्हणाल्या, "गोळ्या सुरू झाल्या काय? लघवी लाल होईन. भेऊ नोका. अन् बरं वाटलं तरी मधात सोडू नोका."

त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले. चार दिवस मी घासलेली भांडी पुन्हा घासली. प्रार्थनेला बसले की उठत होते. दुसऱ्यांची पापं मोजायची सवय असलेल्या बाईला स्वतःचं एक सापडलं की बसायला जागा उरत नाही.

"साफ हाय," सुशीलाबाईंचा फोन आला. "आता झोपा."

घरच्यांचे, मुलींचेही रिपोर्ट साफ निघाले. तो स्टीलचा पेला मी घरी मागवून घेतला. सहा महिने गोळ्या त्यातल्याच पाण्याने घेतल्या. कोर्स संपला, थुंकी निगेटिव्ह आली.

चर्चला परत गेले त्या रविवारी प्रभुभोजन होतं. पेले आता सुशीलाबाई भरत होत्या. मी बाकावर बसले तशी शेजारच्या मंदाने पदर नाकाला लावला आणि ती सरकली. उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं. ते तिथे नेहमीच तयार असतं. मी तिच्या जागी असते तर, असं म्हणायचीही सोय नव्हती. मी तिच्या जागी होते.

सुशीलाबाईंनी ट्रे माझ्यापुढे धरला. सगळे पेले सारखे होते.

मी म्हटलं, "आधी मंदाला द्या." तिला निर्धास्तपणे घेता यावं म्हणून.