समोरच्या खिडकीतलं ‘तू गं’

सुट्टीची दुपार असते. तमिळ मुलखातल्या वेलचेरीचं ऊन गॅलरीतल्या ओल्या कपड्यांतून झिरपून घरात येतं, पंखा आपल्याच तंद्रीत कुरकुरत असतो आणि समोरच्या खिडकीतून तो स्वर येतो : ‘तू गं… तू गं…’ मंद, स्निग्ध, झोळीच्या हेलकाव्यावर वाढणारा आणि ओसरणारा. इतक्या मायेनं कोण कुणाला साद घालतंय, म्हणून परकं माणूसही क्षणभर थबकेल!

माणसं एकमेकांना आपली आवडती गाणी सांगतात, तेव्हा खरं तर काय सांगतात? आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत हा खेळ फार रंगतो. गाणं सांगायचं आणि त्याला बिलगलेली आठवणही सांगायची. माझी पाळी आली की मी पूर्वी डब्यात तोंड घालून बसे. आमच्या घरी गाण्यांना नावं नव्हती, कामं होती. निंदणीचं गाणं निराळं, कापूस वेचण्याचं निराळं, लेकरू निजवण्याचं निराळं. काम सरलं की विळ्यासोबत गाणंही वळचणीला खोचून ठेवायचं. अशा घरातून मी शिकले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी आजही आवाज बारीक करत नाही. गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात मी यंत्रभागांचे आराखडे काढते. ती नोकरी मायच्या वाकलेल्या पाठीवर उभी आहे, हेही मी विसरत नाही.

म्हणूनच लेक झाली, बाळंतपणाची रजा सरत आली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. लेकीला सांभाळायला माय जालन्याकडून आली होती. ती राहिली तर नोकरी राहणार होती आणि तिचं मन तर इथं लागत नव्हतं. खाली भाजीवाला ओरडत जाई. वांगं, भेंडी, शेवगा, साऱ्यांच्या तमिळ नावांच्या शेपटाला ‘काय’ असतं. माय वैतागे, ‘मेला सारखा काय काय इचारतो, अन् सांगाया गेलं की म्होरं पळतो!’ आम्ही दोघी हसत असू. पण संध्याकाळी ती आपली लुगडी पिशवीत घडी करून ठेवताना दिसे. ‘तोंड शिवल्यावानी झालंय गं माय. भिंतीसंगं तरी किती बोलू?’ मला ‘राहा’ म्हणवत नव्हतं, तिला ‘जाते’ म्हणवत नव्हतं.

एका दुपारी लेकीनं आकांत मांडला. समोरच्या सरोजाम्मा, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, काही न विचारता आत आल्या, पोरीला उचललं आणि गाऊ लागल्या. पोर निवली. मायचे डोळे लकाकले. ‘अगं, ही तर आपल्यातली हाय! तू गं म्हनती बघ!’ तमिळमध्ये ‘तूंगु’ म्हणजे झोप, एवढं मला कळत होतं. पण जिभेवर आलेला अर्थ मी गिळला. एवढ्या दिवसांनी उजळलेल्या चेहऱ्यावर शब्दकोश कसा आपटायचा?

मग माय गायली, कापसाच्या शेताच्या बांधावर लेकरू निजवण्याचं ते जुनं गाणं. सरोजाम्मांनी डोळे मिटून ऐकलं आणि हातवारे करत सांगितलं की, आता परदेशी असलेला त्यांचा मुलगा जुन्या साडीच्या झोळीत त्यांच्या त्या ‘तूंगु’वरच झोपे. मायनं माझ्याकडे बोट केलं. मग हातांनीच लिंबाची फांदी दाखवली, झोळी दाखवली, झोकाही दाखवला. मी दुभाषी म्हणून मध्ये उभी होते. मला कुणी काही विचारलंच नाही!

कामावर रुजू झाले त्या दिवशी शेअर ऑटोत मी जणू अर्धीच बसले होते. उरलेली घरी राहिली होती. दुपारी भीत भीत फोन लावला. ‘काम कर की तुझं! गानं चाललंय आमचं, मधीच काय फोन?’ मायनं खडसावलं. कित्येक दिवसांत इतकं गोड काही कानी पडलं नव्हतं. त्या आठवड्यात लुगड्यांची ती पिशवी रिकामी होऊन माळ्यावर गेली, मायनंच ठेवली.

पुढं एकदा, हसत हसत, मी तिला ‘तूंगु’चा अर्थ सांगितला. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, ‘ठावं हाय मला. पयल्याच दिशी उमगलं. रडत्या लेकराला कोनत्याबी मुलखातली बाई झोपच म्हनंल की. पन हितं आल्यापासून मला कुनी तू गं म्हनलंच नव्हतं. म्या ते माझ्यापुरतं ठेवून घेतलं.’

आता जेवणाच्या सुट्टीत माझी पाळी आली की मी हेच ‘तू गं’ सांगते. आणि सुट्टीच्या दुपारी, ओल्या कपड्यांतून ऊन गळत असताना, तो स्वर येतो. फक्त आता समोरच्या खिडकीतून एक आणि आमच्या खिडकीतून एक. झोळीतली लेक केव्हाच झोपलेली असते. तरी दोघी थांबत नाहीत.