दाराची ओटी

वारूळवाडीच्या भिमाजीच्या गॅरेजमधून त्याच्या बायकोने, गोजरबाईने, कुंकू लावल्याशिवाय एकही गाडी बाहेर पडत नसे. मग तो टोमॅटोचा पिकअप असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो, नाहीतर एखाद्या डॉक्टरची चकचकीत मोटार. "आधी वहिनींची आरती, मग गाडीची चावी!" असं म्हणत ड्रायव्हर हसायचे, पण हसता हसता चपला काढून उभेही राहायचे.

गोजरबाई मूळची आंबेगावच्या डोंगराकडची, भाताच्या खाचरांत वाढलेली. लग्न होऊन इकडे आली तेव्हा गाडी म्हणजे एस.टी., एवढंच तिला ठाऊक. भिमाजी गाड्यांचं पत्र्याचं आणि रंगाचं काम करायचा. एकदा त्याच्या हाताखालचा माणूस न सांगता निघून गेला आणि गाडी तर संध्याकाळी द्यायची होती. तिने पदर खोचला, पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि लांबी घासायला बसली. पत्र्यावरचे खड्डे बुजवायला जो लेप भरतात, त्याला हे लोक लांबी म्हणतात. ती वाळली की घासून पत्र्याशी एकजीव करायची. हे काम तिच्या तळहातात असं बसलं की पुढे भिमाजी स्वतः डोळे बारीक करून बघायचा आणि तरी तिलाच म्हणायचा, "हात फिरव गं जरा. लागतंय का कुठं?" तोंडात विघ्नहराचं नाव आणि हाताखाली पत्रा, असे तिचे दिवस जात.

येडगावच्या सुदर्शनने वडिलांची जुनी फियाट आणली, ती ट्रॉलीवर लादून. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या. सुदर्शन चाकणला कंपनीत कामाला. त्याने मोबाइलवर परदेशातल्या सजवलेल्या जुन्या गाड्या दाखवल्या. "भाऊ, मला हँडल असं पायजे. दाराच्या पत्र्यात बुडालेलं, वर काहीच न्हाई. एका टोकाला दाबलं की दुसरं टोक वर येणार."

"मग पावण्याला दार कुठंय ते कळायचं कसं?" गोजरबाईने विचारलं.

"तीच तर गंमत हाय, काकू!"

भिमाजीला त्या कामाची झिंग चढली. चारी दारांचे बाहेर आलेले जुने दांडे काढले, भोकं बुजवली, पत्रा कापून आतून उथळ डबी बसवली, तिच्यात स्प्रिंग आणि हँडल. उथळ अशासाठी की दाराच्या पोटातून काच खालीवर होते. गोजरबाईने चारी दारं घासली. शेवटी अशी वेळ आली की डोळे मिटून हात फिरवला तर दार कुठे संपतं आणि हँडल कुठे सुरू होतं, ते तिचं तिलाच कळेना. गर्द मोरपंखी रंग लागला. ती रंगाकडे बघत राहायची आणि कुणी जवळून गेलं तरी ओरडायची, "हात लावू नका!"

अक्षय्य तृतीयेला सुदर्शन आई चिमाबाईंना घेऊन आला. आतलं काम अजून बाकी होतं. दारांची आतली कव्हरं, काच फिरवायच्या मुठी, आतून उघडायच्या खिट्ट्या, सगळं काढून कुशनवाल्याकडे दिलेलं. काचा वर करून खाली लाकडी पाचरी मारल्या होत्या. पण मुहूर्त चुकवायचा नव्हता. आईला मागच्या सीटवर बसवून ओझरला गणपतीच्या पायापर्यंत न्यायचं, असं त्याने मनात धरलं होतं. भिमाजी सामान आणायला नारायणगावात गेला होता.

गोजरबाईने ताट आणलं. बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि मग ती दारापाशी थबकली. इतर गाड्यांच्या हँडलला ती हळदकुंकू लावून दोरा बांधी. इथे बांधायचं कशाला? तिने टोक दाबलं, हँडल वर आलं, आत छोटीशी खोबण दिसली. ओंजळीसारखी.

"मावशी, हिची ओटी भरू का? नवं दार हाय."

चिमाबाईंचा चेहरा उजळला. "भर की गं. पण एकीची भरून दुसरीला उपाशी ठेवू नको. चारी भर."

दोघींनी मिळून चारी दारांच्या खोबणीत कुंकवाच्या पाण्याने ओले केलेले तांदूळ चिमटीचिमटीने सोडले. हँडलं टक् टक् करत मिटली. तीन दारं बंदच होती. चौथं उघडं होतं, त्यातून चिमाबाई आत बसल्या.

"आई, अशीच बस, फोटो काढतो. दार लावल्यावर काय झकास दिसतंय बघ!" म्हणत सुदर्शनने दार लोटलं.

फोटो झाले. मग त्याने हँडल दाबलं. हँडल हललं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. पलीकडून दाबलं. पुढचं दाबलं. चारी दारं भिंतीसारखी उभी.

"काकू, उघडंना झालंय."

गोजरबाई हसतच पुढे झाली. तिने अंगठा टेकवला, जोर दिला, आणि अंगठ्याखाली करकर झालं. दाताखाली खडा यावा तसं. फटीतून लाल पाण्याचा बारीक ओघळ मोरपंखी रंगावर उतरला.

तांदूळ! हँडलच्या मागे, जिथे दाबलेलं टोक आत जायचं, तिथेच सगळे दाणे जाऊन बसले होते. चारी दारांत. आपल्याच हाताने.

डोक्यावर वैशाखाचं ऊन, भोवती सिमेंटचं अंगण. चिमाबाईंना दम्याचा त्रास, आणि औषधाचा पंप पिशवीत, पिशवी बाहेर खुर्चीवर. आधी त्या काचेवर टकटक करत होत्या, हसतही होत्या. मग पदराने वारा घेऊ लागल्या. मग हसू गेलं आणि तोंड उघडं राहिलं. काहीतरी बोलत होत्या, ऐकू येत नव्हतं.

"आई! आई, हिकडं बघ!" सुदर्शनने आजूबाजूला पाहिलं आणि कुंपणाजवळचा मोठा दगड उचलून तो धावला.

तेव्हा गोजरबाईने झेप घेऊन त्याचा हात धरला. "रंग! रंगाला लागंल!"

शब्द तोंडातून गेले आणि तिचे तिलाच ऐकू आले. सुदर्शन तिच्याकडे बघतच राहिला. काचेआडून चिमाबाईही बघत होत्या. त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

आपण हे काय बोललो? कुणाला बोललो? गोजरबाईच्या कानात नुसतं सूं सूं वाजत होतं. देवाचं नाव घेऊ म्हणाली तर तेही आठवेना. मग ती वळली, भिमाजीचा हातोडा उचलला आणि चिमाबाई बसल्या होत्या त्याच्या पलीकडच्या काचेवर घातला. पहिला घाव निसटून पत्र्यावर बसला, मोरपंखी रंगाचा टवका उडाला. दुसऱ्याने काच फुटली. तिने हात आत घातला, दाराच्या उघड्या पोटात खांद्यापर्यंत, कापलेल्या पत्र्याची धार कोपरापासून मनगटापर्यंत फिरली, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. काढलेल्या खिट्टीची आत राहिलेली सळई बोटांना लागली. ओढली. दार उघडलं.

सुदर्शनने आईला उचलूनच बाहेर काढलं. पंप तोंडाला लावला. चिमाबाईंची छाती भात्यासारखी चालत होती, मग हळूहळू संथ झाली.

भिमाजी आला तो हे सगळं बघून मोटारसायकल स्टँडला लावायचीच विसरला. ती तशीच आडवी झाली. "स्प्रिंग गेली का? माझं काय चुकलं?" तो सुदर्शनला विचारत राहिला.

"तुमचं काय न्हाई चुकलं," गोजरबाई म्हणाली. "मी आत तांदूळ घातलं. ओटी भरली."

भिमाजीने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग तिच्या रक्ताळलेल्या हाताकडे. डोक्याला हात लावून तो खालीच बसला.

"एकटीनं न्हाई," चिमाबाई खोल आवाजात म्हणाल्या. "चारी भर म्हणून मीच म्हणले."

सुदर्शनने गावातून भावाची गाडी मागवली. साधी गाडी, बाहेर आलेल्या दांड्यांची. ओझर राहिलं, आधी दवाखाना. गोजरबाईच्या हाताला भिमाजीने स्वच्छ फडकं बांधलं होतं, तीही टाके घालायला बरोबर निघाली. चिमाबाईंना सीटवर टेकवताना दोघींची तोंडं जवळ आली.

"गोजर, तू त्याचा हात धरलास, ते मला आतून दिसत व्हतं."

"व्हय, मावशी," एवढंच गोजरबाई म्हणाली.

चिमाबाईंनी डोळे मिटून घेतले. "रंग मात्र लई चांगला दिलाय," त्या म्हणाल्या.

टोमणा होता की माफी, ते गोजरबाईला कळलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही. दवाखाना येईपर्यंत चिमाबाईंचा हात तिच्या चांगल्या हातात होता. त्यांनी तो काढून घेतला नाही, आणि तिचा दाबलाही नाही.