पन्नीचा मोर

सिगारेटच्या पाकिटातली चांदीची पन्नी आणि आमच्या गणेश मंडळाचे किस्से सारखेच. फेकवत नाहीत, वर्षभर साचत राहतात आणि गणपती आला की बाहेर निघतात.

साठ-पासष्ट सालच्या सुमाराला बालाघाटला आमच्या वॉर्डात गणपतीमागे पन्नीचा मोर असायचा. तो बारापात्रे गुरुजींचा. शाळेतून रिटायर झाले, पण मोर सोडला नाही. आम्ही पन्न्या गोळा करून चमच्याच्या पाठीनं गुळगुळीत करायचो आणि गुरुजी खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवायचे.

*

कचेरीतले ठाकरेबाबू आमचे मोठे पुरवठादार. एका श्रावणात त्यांनी सिगारेट सोडली. घरात आनंदीआनंद! गुरुजींनी आयुष्यात सुपारी खाल्ली नव्हती, तरी तडक त्यांच्या घरी गेले.

"वहिनी, सोडली हे चांगलंच झालं. पन मोराची शेपटी अर्धीच झाली ना."

वहिनींनी नवऱ्याकडं पाहिलं. "देवाचं काम आहे. ओढा चतुर्थीपर्यंत."

*

एकदा गुरुजींनी तुपाच्या डब्याचं झाकण राखेनं घासून मोराच्या पोटावर बसवलं. अगदी आरसा! दर्शनाला आलेला जो तो मोरापुढं थांबून भांग पाडू लागला. ठाकरेबाबूंनी तर खिशातून कंगवाच काढला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाबू, गनपती इकडे बसला आहे."

*

मग गुरुजींना दिसेनासं झालं. डोळ्यांपेक्षा मोर हातचा जाईल याचीच त्यांना धास्ती.

"शेपटी मीच लावतो," म्हणाले. "तेवढं तं हाताले येते."

आम्ही चहा पिऊन आलो, तोवर अर्धी शेपटी लागली होती. सगळ्या पन्न्या उलट्या! चांदी आत, पांढरा कागद बाहेर. गुरुजी खुशीत हात पुसत होते. त्यांना सांगायचं कोणी?

ठाकरेबाबूंनी खळीत बोट बुडवलं, एक पन्नी उचलली आणि मुकाट्यानं उलटी लावली. मग मी. मग सगळेच. संध्याकाळपर्यंत उरलेली शेपटीही पांढरीफटक झाली.

दुसऱ्या दिवशी, खळ वाळल्यावर, गुरुजींनी आपल्या अर्ध्या शेपटीवरून हात फिरवला. थांबले. मग आमच्या अर्ध्या शेपटीवरून सावकाश फिरवला.

"माह्ये डोये गेले, हे समजलं," ते म्हणाले. "पन तुमचे सगळ्याईचे काहून गेले?"