नायगावला समुद्र सांगताना

आमचं घर कापसाच्या मुलखातल्या नायगावचं, लिंगायत, मासळीचं नावही न काढणारं. आणि मी नोकरीला मालवणच्या किनाऱ्यावर. समुद्र तापला की पोवळ्यांचं अन् माशांचं काय होतं, ते बघायचं काम. त्यामुळे किस्से गोळा करावे लागत नाहीत. सुट्टीला घरी आले की उंबऱ्यातच एक तयार असतो.

*

पहिल्या दिवाळीला आईनं बॅग अंगणातच उतरवून घेतली. हळूच विचारलं, "खात तर न्हाईस ना?"

"न्हाई. मोजते."

"मोजून कोणाला देतीस?"

"कुणालाच न्हाई. ते पाण्यातच राहतात."

आईनं शेजारच्या दाराकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "शेजारी बोलू नको. बँकेत हाय म्हणून सांगून ठेवलंय मी."

त्या सुट्टीत दोघीजणी खातं उघडायचं विचारायला येऊन गेल्या.

*

लातूरहून स्थळ आलं. मुलाचं पाइपांचं दुकान. मी मन लावून सांगितलं, की पाणी तापल्यावर बांगडे गारव्याला खोल निघून जातात आणि काठावरच्या होड्या रिकाम्या परततात. तो मान खाली घालून नीट ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आमच्या बोअरलाबी गरमच पाणी येऊन राहिलंय. पण त्यात मासे पयल्यापासूनच न्हाईत."

जमलं नाही ते. पण तेवढं ऐकून घेणारं माणूस मला नंतर भेटलं नाही.

*

एका संध्याकाळी होड्या आल्या त्या नुसत्या जेलीफिशनं भरून. जाळी वाळूतच झटकून सगळे घरी गेले. खोलीवर येऊन मी आईला फोन लावला.

"आई, आज जाळ्यात मासाच न्हाई."

"बरं झालं की. जीव वाचले. जेवलीस का?"

"हाव," म्हटलं. चूल पेटवलीच नव्हती.

*

अप्पा कधी काही विचारत नाहीत. कापसाचं रान आणि ते, बस. पण गेल्या उन्हाळ्यात मी घरी आले तेव्हा ते बाजेवर बसून म्हणाले, "दाखव बरं, काय बघतीस तिथं."

पाणी फार काळ तापलेलं राहिलं की पोवळं अंगातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. गारवा वेळेत आला नाही तर मरतं. माझ्या मोबाइलमधल्या व्हिडिओत नजर जाईल तिथवर सगळं पांढरं होतं. तो मी कुणालाच दाखवला नव्हता. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात अप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. चेहरा हळूहळू फुलत गेला. त्यांनी काकांना हाक मारली.

"नागनाथ, हिकडं ये. पोरीचं रान बघ. लई फुटलंय."

काकांनी वाकून बघितलं, मान डोलावली. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वेचणी कधी हाय, बाई?"

मी म्हटलं, "आता लवकरच, अप्पा."