चिठ्ठीची मागची बाजू

घाटंजीच्या आमच्या घरात चिठ्ठ्या वाचायचं खातं माझ्याकडे. लग्नपत्रिका असो की डॉक्टरचा गिचमिड कागद, मी मोठ्यानं वाचतो आणि वर चार शब्द पदरचे घालतो. त्याच ऐटीत अक्काची चिठ्ठी वाचली.

अक्का माझी थोरली बहीण, साखरेची जुनी पेशंट. पोटाच्या दुखण्यासाठी यवतमाळला सीटी स्कॅन करायचा होता, शिरेतून औषध सोडून. त्यानं आतलं स्पष्ट दिसतं म्हणे. चिठ्ठीवर होतं, 'उपाशीपोटी यावे.'

उपास हा माझा खास विषय. एकादशीला साबुदाण्याच्या दोन प्लेटा चेपून मी उपास करतो. म्हटलं, या खेपेला एकदम कडक करू. माझा नाही, अक्काचा.

"पानीबी बंद," मी जाहीर करून टाकलं.

मे महिना. एसटीत ती खिडकीशी बसली होती.

"एक घोट दे ना रे. जीभ टाळूले चिकटून राह्यली."

"उपास मोडते, अक्का."

"तू कवापासून उपासवाला झाला? साबुदान्याचा डोंगर पोटात घालनारा!"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो, आणि बाटली मीच संपवली.

नंबर दुपारी लागला. घरी आल्यावर ती तशीच पडून राहिली. पाणी पी, असं तेव्हाही मला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, लघवी जवळजवळ थांबली. पुन्हा यवतमाळ.

"स्कॅनच्या आधी आणि नंतर पाणी किती प्यायल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

मी वकिलासारखी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उलटी केली. मागे छापलं होतं, 'चार तास काही खाऊ नये. पाणी भरपूर प्यावे. साखर किंवा किडनीचा त्रास असल्यास, दुखण्याच्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगावे.'

अक्का गुडघ्यांसाठी रोज गोळी घ्यायची. तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"स्कॅनचं औषध किडन्यांवाटे बाहेर पडतं, त्याला पाणी लागतं. पण किडन्या साखरेनं आधीच थकल्या होत्या. सगळं पाण्यामुळेच झालं असं नाही," डॉक्टर म्हणाले. म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

किडन्या सावरल्या नाहीत. डायलिसिस सुरू झालं. प्यालेलं पाणी अंगातच साचायचं, म्हणून आता ते खरोखरच मोजून द्यायचं होतं. तिच्या लग्नातल्या स्टीलच्या ग्लासावर नाव कोरलेलं आहे. त्या अक्षरांपर्यंत एका वेळचं पाणी. ओतायचं काम माझ्याकडे आलं.

"काहून रे," ती ग्लासात डोकावून म्हणायची, "तुहा उपास सुटला नाई का अजून?"

सुरुवातीला हसून म्हणायची. पुढे हसणं गेलं, प्रश्न राहिला. शेवटी नुसती ग्लासाकडे बघायची.

ती गेली त्या सकाळी शेजारची म्हातारी म्हणाली, "तोंडात पानी घाल बाबू, जाऊन राह्यली ते."

मी ग्लास भरायला घेतला. आणि सवयीनं, त्या अक्षरांशी येऊन माझा हात थांबला.